ख्रिस्ती बालवाडी (पुणे): रोजचा दिनक्रम आणि शिस्त, काय चालतं आणि कुठे अडतं

घंटेवाली_ताई

सर्वांना सलाम.

चर्चच्या आवारात किंवा मिशनच्या शाळेला जोडून चालणाऱ्या बालवाड्यांमध्ये दर जूनला नवीन शिक्षिका रुजू होतात. हातात छापील वेळापत्रक पडतं, पण त्यातला एकेक तुकडा चालवायचा कसा, हे सांगायला कुणाला सवड नसते. म्हणून हा धागा काढला आहे. ३ ते ६ वयाची मुलं, साडेतीन तासांची शाळा, वर्गात वीस-चोवीस मुलं, एक शिक्षिका आणि एक मावशी, असं धरून लिहिते.

८:४५ ते ९:२० – येणं, सामान जागेवर, मोकळा खेळ
९:२० ते ९:४० – गोल: प्रार्थना, गाणी, वचन (बायबलमधली एक ओळ)
९:४० ते १०:१५ – कोपऱ्यांमधलं काम (ठोकळे, रंग, भातुकली, पुस्तकं)
१०:१५ ते १०:२५ – आवराआवर, शू, हात धुणं
१०:२५ ते १०:५० – डबा
१०:५० ते ११:२५ – मैदान
११:२५ ते ११:३५ – हातपाय धुणं, पाणी
११:३५ ते ११:५० – गोष्ट
११:५० ते १२:१५ – कोडी, मणी ओवणं, निरोपाचं गाणं, घरी

यातली पहिली गोष्ट लगेच डोळ्यांत भरेल: प्रार्थना सुरुवातीला नाही. बऱ्याच ठिकाणी पावणेनऊच्या ठोक्याला प्रार्थना घेतात आणि रोज फसतात. व्हॅन उशिरा येते, कुणी सिग्नलला अडकतं. प्रार्थना चालू असताना दार चार वेळा उघडतं आणि चोवीस जोडी डोळे दाराकडे वळतात. मग ‘डोळे मिटा’, ‘इकडे बघा’ असं दटावत प्रार्थना संपते. अर्धा तास मोकळा खेळ आधी ठेवला की उशिरा आलेलं मूल खेळात अलगद मिसळतं आणि गोल बसतो तेव्हा सगळे हजर असतात.

दुसरं, क्रम घड्याळापेक्षा मोठा. चार वर्षांच्या मुलाला दहा पंचवीस कळत नाही, ‘हात धुतले की डबा’ हे पक्कं कळतं. मैदान दहा मिनिटं पुढेमागे झालं तर काही बिघडत नाही. आज डब्याआधी मैदान, उद्या डब्यानंतर, असं केलं की तिसऱ्या दिवशी वर्ग हाताबाहेर जातो. क्रमाची चित्रपट्टी मुलांच्या नजरेच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण ९० सेंमीवर लावा. त्यावर कपड्यांचा एक चिमटा. एक भाग संपला की त्या दिवसाचा मदतनीस तो चिमटा पुढच्या चित्रावर सरकवतो. ‘आई कधी येणार?’ असं विचारणाऱ्या मुलाला पट्टीजवळ नेऊन दाखवायचं: ही आपण इथे, अजून गोष्ट, मग कोडी, मग आई.

या वयातली बहुतेक शिस्त ही अशीच असते. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक हवं आणि मोठ्यांनी ते पाळायला हवं. बाकीचं तुम्ही लिहा.

रास्तापेठकर

चांगला विषय काढलात ताई. मी दोन भागांच्या मधल्या वेळेबद्दल लिहितो, कारण ढकलाढकली, रडारड, चावाचावी यांतलं बरंचसं तिथेच होतं.

हात धुण्याचं गणित मांडून बघा. २४ मुलं, ४ नळ, म्हणजे एका नळाला ६ मुलं. ओले करणं, साबण, २० सेकंद चोळणं, धुणं, पुसणं यात एका मुलाचा पाऊण मिनिट ते एक मिनिट जातो. म्हणजे शेवटचं मूल चार-पाच मिनिटं ओळीत नुसतं उभं. हाताला काम नाही, पुढे कुणाची तरी वेणी. दुसरं काय होणार?

उपाय: ओळ करूच नका. सगळे गोलात गाणं म्हणत बसलेले, त्यातून आठ-आठ जणांना सोडा. ‘ज्यांच्या कपड्यांत लाल रंग आहे ते’, ‘ज्यांच्या नावात र आहे ते’. मावशी नळापाशी, शिक्षिका गोलात. नळापुढे जमिनीवर पावलांचे ठसे रंगवा, एका नळाला दोनच जोड्या. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधली की ती खाली पडत नाही आणि तिच्यावरून भांडण होत नाही. प्रत्येकाचा रुमाल खिळ्याला अडकवायचा, त्याला घरून शिवलेला फास हवा. एकच टॉवेल सगळ्यांना फिरवला की डोळे येण्याची साथ वर्गभर.

आणखी एक. भाग बदलायच्या आधी दोन सूचना: पाच मिनिटं आधी एक, दोन मिनिटं आधी एक. ओरडून नाही. प्रत्येक कोपऱ्यात जाऊन, खाली बसून: ‘अजून एक मनोरा, मग ठोकळे टोपलीत.’ मग छोटी हातघंटा एकदाच वाजवायची. घंटा वाजली तरी कुणी हलत नाही अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा ती घंटा दिवसात वीसदा वाजत असते. गप्प करायला घंटा वापरू नका. तिचा अर्थ एकच राहू द्या: आवरा.

मेणखडू

+१. टोपल्यांवर आत काय जातं त्याचा फोटो चिकटवा. ‘आवरा’ म्हटल्यावर मूल उभं राहतं ते हट्टाने नाही, कुठून सुरुवात करायची ते त्याला समजत नाही म्हणून. ‘सगळे निळे ठोकळे या टोपलीत’ म्हणा, लगेच हात चालतात.

आता प्रार्थनेबद्दल.

तीन वाक्यं पुरतात. आभार, आजची एक गोष्ट, आमेन. वीस-तीस सेकंद. मोठ्यांच्या उपासनेतली लांब प्रार्थना तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडी घालू नये. प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) जरूर घ्यावी, पण तीही हळूहळू: जून-जुलैत शिक्षिका म्हणते आणि मुलं आमेनला जोडली जातात, दिवाळीनंतर पहिल्या दोन ओळी त्यांच्या, वर्षअखेरीस बरीच मुलं पूर्ण म्हणतात. न घोकता.

हात जोडणं आणि डोळे मिटणं शिकवा, तपासू नका. ‘कुणाचे डोळे उघडे आहेत?’ असं विचारणाऱ्या शिक्षिकेचे स्वतःचे उघडे असतात, आणि मुलांच्या नजरेतून हे सुटत नाही. काही मुलांना डोळे मिटायची भीती वाटते, विशेषतः पहिल्या महिन्यात. त्यांना मांडीवरच्या हातांकडे बघायला सांगा.

वचन महिन्याला एक. दर आठवड्याला नवीन घेतलं तर चार अर्धवट होतात, एकही राहत नाही. पाच ते आठ शब्दांचं, हातवाऱ्यांसकट. पाठांतराला चॉकलेट नको. वचन म्हणणाऱ्याला गोळी दिली की न म्हणता येणारं, उशिरा बोलायला लागलेलं मूल देवाच्या शब्दाशी पहिलीच ओळख रिकाम्या हाताची करून घेतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: येशूला वर्गातला पहारेकरी करू नका. ‘येशू बघतोय हं’, ‘येशूला असली मुलं आवडत नाहीत’ ही वाक्यं मावशींच्या, आज्यांच्या तोंडी सहज येतात. त्या क्षणी मूल गप्प बसतं म्हणून ती उपयोगी वाटतात. पण सकाळी ज्याच्याशी बोलायला शिकवलं त्याचीच दुपारी धमकी दिली तर त्या मुलाने प्रार्थनेत काय बोलायचं? बायबलमध्ये मार्क १०:१४ ला प्रभू येशू शिष्यांवर रागावतो, आणि ते लेकरांना अडवतात म्हणून. वर्गातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आधी ते वाचावं. मावशींनाही जूनच्या बैठकीत बसवून हे प्रेमाने सांगायला हवं.

वडगावशेरीची_आई

नमस्कार. आम्ही हिंदू आहोत, घराजवळ चांगली म्हणून चर्चची बालवाडी बघतोय. प्रार्थना, बायबलमधल्या गोष्टी सक्तीच्या असतात का? विचारलेलं वाईट वाटून घेऊ नका. घरी जेवताना ‘वदनी कवळ’ म्हणतो, मुलाचा गोंधळ होईल का एवढीच काळजी.

कागदपत्रं

ताई, विचारलंत ते बरं केलंत, प्रवेशाच्या वेळीच विचारावं. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क दिला आहे, म्हणून शाळेत प्रार्थना असणार. दोन्ही एकत्र नांदतात, फक्त ते लेखी हवं.

शाळांना सूचना: मान्यतेचा मुद्दा तुमच्या बालवाडीला लागू होवो न होवो, संमतीचा रकाना प्रवेश अर्जात ठेवाच. फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात नको. तीन वेगळे प्रश्न विचारा: रोजची प्रार्थना, बायबलमधल्या गोष्टी, नाताळच्या कार्यक्रमात भाग. पुष्कळ पालक गोष्टींना हो म्हणतात, प्रार्थनेला नाही. एकच सही घेतली की हा फरक हरवतो आणि डिसेंबरात कटकट उभी राहते.

मेणखडू

त्यात जोड: ज्या मुलाच्या घरून ‘नाही’ आलं आहे त्याला प्रार्थनेच्या वेळी वर्गाबाहेर बसवू नका. बाहेर बसणं ही मुलाच्या लेखी शिक्षाच. ते गोलातच बसेल, हात जोडणार नाही, एवढंच. बाकीच्या मुलांना एक वाक्य पुरतं: ‘त्याच्या घरी वेगळी प्रार्थना म्हणतात.’

आणि ताई, गोंधळाचं म्हणाल तर या वयाची मुलं आजीकडची पद्धत आणि शाळेतली पद्धत सहज वेगळी ठेवतात. गोंधळ उडतो तो घरी आणि शाळेत एकमेकांबद्दल वाकडं बोललं गेलं तर.

खाली_बसून_बोला

शिस्तीचा दुसरा भाग, म्हणजे घडल्यावर काय करायचं.

नियम चारच, आणि ‘करू नको’ या भाषेत नाहीत. वर्गात पाय चालतात, मैदानात धावतात. हात मदतीला. एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. घेतलेलं जागेवर ठेवायचं. ‘पळू नका’ मधलं ‘पळू’ आधी ऐकू येतं, म्हणून ‘चाला’ म्हणा.

एकाने दुसऱ्याला मारलं. तर:

आधी दोघांच्या मध्ये जाऊन गुडघ्यावर बसा. मारणारा हात हलकेच धरा, दाबू नका. पहिलं लक्ष ज्याला लागलं त्याच्याकडे. ओरडा आधी मारणाऱ्याला मिळाला तर वर्गाला कळतं की ताईचं लक्ष हवं असेल तर काय करायचं. मग मारणाऱ्याला एका वाक्यात: ‘तुला गाडी हवी होती. मारल्यावर लागतं. गाडी हवी असेल तर “मला दे” म्हणायचं.’ ते त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या, तिथल्या तिथे. नंतर भरपाई: ओला रुमाल आणून देणं, पाडलेला मनोरा परत रचायला मदत करणं. हे सगळं दोन मिनिटांत आटपतं. पाच मिनिटांचं प्रवचन तिसऱ्या वाक्यानंतर कुणी ऐकत नाही.

‘सॉरी म्हण’ ची जबरदस्ती नको. ख्रिस्ती बालवाडीत याच्या पुढची चूकही होते: ज्याला लागलं त्याला लगेच ‘येशूसारखं माफ कर, मिठी मार’. त्याचा गाल अजून दुखतो आहे आणि त्याच्यावरच नवीन काम. क्षमा शिकवायची तर वाट बघायची तयारी हवी. ‘तुला बरं वाटलं की सांग, मग आपण त्याच्याकडे जाऊ.’ डब्यापर्यंत दोघं शेजारी बसलेले दिसतात, बहुतेक वेळा.

चावणं: दोन-अडीच वर्षांच्या खेळवर्गात जास्त, तीननंतर कमी होत जातं. जागा साबण-पाण्याने धुवा, ओलं थंड फडकं ठेवा. कातडी फाटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा. दोन्ही घरी कळवा, पण कुणी चावलं ते नाव दुसऱ्या घरी सांगायचं नाही. मग आठवडाभर वहीत चार रकाने भरा: वेळ, आधी काय चाललं होतं, काय झालं, नंतर काय मिळालं. चित्र लवकर स्पष्ट होतं. नोंदी दहा-सव्वादहाच्या असतील तर भूक. ठोकळ्यांच्या कोपऱ्यातल्या असतील तर तिथे सहा मुलं आणि जागा चौघांची. सोमवारच्याच असतील तर रविवारची रात्र कशी गेली ते घरी विचारा.

शांत कोपरा ठेवा: चटई, दोन उशा, कापडी पुस्तक, पाणी भरलेली चकाकीची बाटली. तिथे मुलाने जायचं, त्याला पाठवायचं नाही. सुरुवातीला शिक्षिका सोबत बसते. ‘कोपऱ्यात जाऊन बस’ या सुरात त्याचं नाव घेतलंत की तो कोपरा संपला.

जुनं_वळण

सगळं वाचलं. तळमळ कळते. पण बायबलमधल्या नीतिसूत्रे १३:२४ चं काय? छडी आवरणं म्हणजे प्रेम नाही असं शास्त्रच सांगतं. हलकी चापट सुद्धा नाही म्हणायची तर वळण लागायचं कसं?

पाळकखोली

दादा, प्रश्न मनापासून आहे, उत्तरही तसंच देतो.

ते वचन बाप आणि मुलगा यांच्याबद्दल आहे. शाळा बाप नाही. पालकांनी मूल आपल्याकडे साडेतीन तास विश्वासाने ठेवलेलं असतं. आणि घराबद्दलही शास्त्र तिथेच थांबत नाही. इफिसकरांस ६:४ आणि कलस्सैकरांस ३:२१ मध्ये पौल बापांनाच सांगतो की मुलांना चिडीस आणू नका, ती खचतील असं वागू नका. ज्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) पहिलं वचन पाठ आहे तिथे ही दोनही पाठ असावीत.

वळणाचं विचारलंत. चापटीने जे थांबतं ते चापट मारणारी बाई समोर आहे तोवर थांबतं. वर खाली_बसून_बोला यांनी लिहिलं आहे त्यात मुलाला मारण्याऐवजी काय करायचं ते मिळतं. चापटीत ते मिळत नाही.

कागदपत्रं

आणि कायद्याचं स्पष्ट सांगतो, कारण यात गैरसमज फार आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई करतं, पण तो कायदा ६ ते १४ वयासाठी. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर तो अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. इथे काही व्यवस्थापनं समजतात की आपण मोकळे. तसं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा प्रत्येकाला लागू आहे. मुलांच्या संगोपनाची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने क्रूरपणे वागवलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. अनावश्यक मानसिक त्रासही त्यात येतो. अंधाऱ्या खोलीत बंद करणं, ओल्या चड्डीत उभं करणं, डबा काढून घेणं हे ‘हलकं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

शू-शीचं इथेच लिहितो. कपडे बदलायचं काम ठरलेल्या मावशींचं, दार अर्धं उघडं, दुसरी मोठी व्यक्ती आवाजाच्या अंतरावर. बदललं की पालकांना चिठ्ठी: वेळ आणि कुणी बदललं. कॅमेरा व्हरांड्यात, स्वच्छतागृहात कधीच नाही.

डबा_उघडा

डब्याच्या वेळेत तीन गोष्टी चुकतात.

एक, प्रार्थना डबे उघडल्यावर घेतात. उपम्याचा वास नाकात, आणि आता डोळे मिटायचे. निम्म्यांनी घास घेतलेला असतो, मग त्यांना बोल. डबे बंद, हात झाकणावर, प्रार्थना, मग झाकणं उघडायची. झाकण घट्ट असलेल्या मुलांच्या घरी कळवा. स्वतःला उघडता येईल असाच डबा हवा, नाहीतर प्रार्थनेनंतर दहा मुलं शिक्षिकेपुढे रांगेत.

दोन, ‘वाटून खा’. बालवाडीत शिकवतो की पाच भाकरी आणि दोन मासे सगळ्यांना पुरले, आणि लगेच सांगतो की डबा कुणाला देऊ नका. मुलं विचारतात, आणि त्यांचं बरोबर असतं. डबा वाटायचा नाही याला कारणं आहेत: कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाच्या घरी अंडं चालत नाही, कुणाचा डॉक्टरांनी ठरवलेला आहार. म्हणून वाटून खायचा वेगळा दिवस ठेवा. शुक्रवारी सगळ्यांनी एकेक फळ आणायचं, शाळेत धुऊन कापून एका परातीत, मुलांनीच वाढायचं. वाटणं शिकतात आणि कुणाच्या घरचा नियम मोडत नाही.

तीन, घशात अडकणारे पदार्थ. अख्खी द्राक्षं नकोत, लांबीत चार तुकडे करायचे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक चिक्की पाच वर्षांच्या आत नको. गाजर किसून किंवा वाफवून. खाताना बसूनच. पालकांना पोळीचा रोल, थालीपिठाचे तुकडे, इडली, दशमी, तिखट-मिठाचा सांजा असा आठवड्याचा तक्ता दिला की बिस्किटांचा पुडा येत नाही. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या) काळात घरी मोठे उपास करतात, तेव्हा काही मुलांचे डबे हलके होतात. या वयाच्या मुलांना उपास नाही, हे पाळकांनीच एका रविवारी मंडळीत सांगितलं तर बरं.

पंचहौदवाला

पेठांमधल्या शाळांसाठी खास. जूनमध्ये मुलं रुळायला दोन-तीन आठवडे लागतात आणि नेमकी त्याच सुमारास पालखी. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत मुक्कामाला. रस्ते बंद, सुट्टी, सगळीकडे गर्दी. नुकतं रडणं थांबलेलं मूल दोन दिवसांच्या खंडानंतर पहिल्या दिवसासारखं रडतं. याची तयारी आधी ठेवा: पालखीनंतरचा पहिला दिवस पुन्हा एक-दीड तासाचा, नवीन काहीही नाही, तीच गाणी, तोच गोल. गणपतीच्या दहा दिवसांत रात्रीची जागरणं होतात. या वयाला दिवसाची झोप धरून दहा ते तेरा तास लागतात. तेवढी झाली नाही की सकाळी अकराला वर्गात भांडणं. त्या दिवसांत कोपऱ्यांमधलं काम कमी, पाणी-वाळू जास्त.

आणि आईवडिलांनी गुपचूप सटकू नये. ‘मी जाते, निरोपाच्या गाण्यानंतर येते’, एक पापा, आणि मागे न बघता जायचं. खिडकीतून डोकावलं की रडणं लांबतं.

रास्तापेठकर

पावसाळ्याचं राहिलं होतं. रेनकोट वर्गात नाही, व्हरांड्यात दोन हातांच्या अंतरावर आकडे, नाहीतर दुपारी घालताना आतून ओले. नाव रेनकोटच्या आत, बुटांच्या आत, छत्रीच्या दांड्यावर. प्रत्येकाचा कपड्यांचा जोड पिशवीत, मोज्यांसकट.

दारातच मुलाकडे नीट बघा: डोळे, तळहात, तोंडाभोवती. तळहातावर, तळपायावर पुरळ आणि तोंडात फोड म्हणजे हात-पाय-तोंडाचा आजार असू शकतो. पुण्यात पावसाळ्यात तो बालवाड्यांमधून फिरतो. पालक गाडी सुरू करायच्या आत सांगा आणि मूल परत पाठवा.

उलटी किंवा शी सांडली तर आधी कागदाने उचला, मग सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर एक लीटर पाण्यात २५ मिली. दहा मिनिटं राहू द्या, मग पुसा. मुलं तोवर दुसऱ्या खोलीत. फरशीच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. द्रावण रोज ताजं.

मणी_ओवणारी

पेन्सिलीबद्दल कुणी बोललं नाही. तीन वर्षांच्या मुलांना चार रेघी वही देऊन अर्धा तास बसवतात आणि ते चुळबुळ करू लागले की शिस्तीचा प्रश्न म्हणतात. तो शिस्तीचा प्रश्न नाहीच. मनगट आणि बोटं तयार नसताना हात दुखतो, मग मूल उठतं. कणीक मळणं, चिमट्याने मणी उचलणं, ओली फडकी पिळणं, जाड खडूने उभ्या फळ्यावर गिरवणं, हे आधी. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आणि त्यानंतर २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा ३ ते ८ वयाकडे असंच बघतात: खेळातून, हाताळून.

कुणी म्हणतं ही नवी फॅशन आहे. पुण्याच्या ख्रिस्ती शिक्षणात ती जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांनी फिलाडेल्फियात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालोद्यान (किंडरगार्टन) पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, ते पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. ठोकळे, माती, काम करत शिकणं ही आपल्याच घरातली शिदोरी आहे. पालकसभेत ‘शेजारच्या शाळेत एबीसीडी लिहितात’ असं आलं की हे सांगा, आणि मुलांनी केलेली मातीची भांडी समोर ठेवा.

घंटेवाली_ताई

खूप काही मिळालं, मनापासून आभार. गोष्टींच्या निवडीबद्दल कुणी लिहाल का?

मेणखडू

तीन वर्षांच्यांना सात-आठ मिनिटं, पाच वर्षांच्यांना दहा-बारा. हरवलेलं मेंढरू (लूक १५) सगळ्यात उत्तम: कापसाचं मेंढरू वर्गात लपवायचं, मुलांनी शोधायचं, सापडल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तीच गोष्ट आठवडाभर. रोज नवीन नको, मुलांना ऐकलेलीच हवी असते. जक्कय झाडावर चढतो ती गोष्ट बुटक्या मुलांना फार जवळची वाटते. नोहाच्या गोष्टीत तारू आणि प्राणी, बुडणाऱ्यांचं वर्णन नको. दावीद आणि गल्याथ मैदानाच्या आधी सांगू नका, गोफणी आणि दगड लगेच सुरू होतात. गुड फ्रायडेला खिळे, काटे, रक्त नको. येशू मेला, मित्र रडले, तिसऱ्या दिवशी तो जिवंत झाला, एवढं पुरतं. आणि ‘जिवंत झाला’ पर्यंत त्याच दिवशी पोहोचा. ईस्टर सुट्टीनंतर म्हणून अर्धी गोष्ट ठेवली तर चार दिवस मूल ती अर्धीच घेऊन फिरतं.

डबा_उघडा

नाताळाच्या तालमीवरही एक शब्द. नोव्हेंबरअखेरपासून रोज तासभर मुलं उभी, देवदूतांचे पंख टोचतात, आणि सगळा दिनक्रम पार विस्कटतो. तालीम दिवसाला दहा मिनिटं, गोलाच्या वेळेतच, तीन आठवडे. गाणी नोव्हेंबरपासून नेहमीच्या गाण्यांत मिसळा, म्हणजे वेगळी शिकवावी लागत नाहीत. पोशाख शेवटच्या दोनच दिवशी, स्वेटरवरून बसेल एवढा सैल, सकाळी गारठा असतो. सकाळचा गोल आणि डबा या दोन गोष्टी कार्यक्रमाच्या दिवशीही हलवू नका. गव्हाणीतलं बाळ कोण होणार यावर पालकांत रुसवेफुगवे होतात, म्हणून बाहुली ठेवा.

सुट्टीची_ताई

शेवटी एक प्रश्न, तातडीचा आहे. आमच्या शिक्षिका आठवडाभर रजेवर जाताहेत, बदली ताई चर्चच्या संडे स्कूलमधून येणार. त्यांना काय लिहून द्यावं?

घंटेवाली_ताई

एकच पान, दोन्ही बाजू.

पुढे: क्रम चित्रपट्टीप्रमाणे, प्रत्येक बदलाचं गाणं कोणतं, घंटा कधी, डब्याआधीच्या प्रार्थनेचे नेमके शब्द. शब्द बदलले की मुलं मध्येच थांबवतात आणि तिथेच गडबड सुरू होते. चार नियम.

मागे: ॲलर्जी कुणाला आणि काय खाल्ल्यावर. प्रार्थनेला संमती नसलेली मुलं. कुणाला न्यायला कोण येतं, नावं आणि ओळखपत्राचा प्रकार. कोण शू लागली तरी सांगत नाही, त्याला दहा वाजता आणि सव्वाअकराला विचारायचं. रडल्यावर कुणाला मांडी लागते आणि कुणाला एकटं सोडलेलं बरं वाटतं.

हे पान दारामागे लावू नका, त्यात मुलांची खासगी माहिती आहे. हजेरीपटात ठेवा. मावशींना सोमवारी पंधरा मिनिटं लवकर बोलवा आणि दोघींना एकत्र वाचून दाखवा, कारण त्या आठवड्यात मुलांच्या ओळखीचा चेहरा मावशींचाच असेल. सकाळी दाराशी त्यांनाच उभं करा.